आधी शेड दुरुस्त करा, मग शिबिर: सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापूरहून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. यंत्रमाग, गणवेशाची शिलाई आणि विडी या कामांतले त्रास वेगवेगळे आहेत, पण बहुतेक पत्रांत एक समजूत दिसते: तब्येत कामगाराने सांभाळायची आणि मालकाने फार तर शिबिर भरवायचं. आम्हाला हे पटत नाही. जागा, हत्यार आणि कामाची पद्धत आधी सुधारायला हवी. व्यायाम आणि तपासण्या त्यानंतर.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा २४ मागांचा टॉवेलचा कारखाना आहे. शेड ६० बाय ४० फूट, पत्रा सुमारे १४ फुटांवर. एप्रिल-मेमध्ये दुपारी ताणा (मागावरचे उभे धागे) फार तुटतो म्हणून आम्ही खाली पाणी मारतो आणि खिडक्या बंद ठेवतो. कामगारांना चक्कर येते, दुपारनंतर निम्मे घरी जातात. यंदा आरोग्य शिबिर घ्यायचा विचार आहे. शिवाय दोन एक्झॉस्ट पंखे बसवावेत का? — एक कारखानदार

शिबिराचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या कामगारांना चक्कर येते ती शेडमधल्या हवेमुळे, आणि ती हवा बंद खिडक्यांनी तयार केली आहे.

ताण्याला दमटपणा लागतो, हे खरं आहे. सुती धागा कोरडा पडला की ठिसूळ होतो आणि फणीपाशी तुटतो. पण अंगाची उष्णता बाहेर पडते ती घाम वाळण्यातून, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. सोलापूरची मेमधली दुपार ४१ अंश आणि २० टक्के दमटपणा अशी धरा. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर, म्हणजे ज्याला ओला पारा म्हणतात त्यावर, हे सुमारे २३ अंश भरतं. उन्हाचा त्रास होतो, पण शरीर तग धरतं. आता बंद शेडमध्ये पाणी मारून ३८ अंश आणि ७० टक्के झालं, की ओला पारा ३३ वर जातो. कारखान्यांच्या नियमांत कामाच्या खोलीसाठी ओल्या पाऱ्याची मर्यादा ३० अंश धरली जाते. म्हणजे साधा पारा तीन अंशांनी उतरला आणि माणसाला मात्र बाहेरच्या उन्हापेक्षा जास्त त्रास झाला. वर एका मागाची मोटर एक हॉर्सपॉवरची धरली तर २४ मोटरींची जवळपास १८ किलोवॅट ऊर्जा शेवटी उष्णता होऊन त्याच बंद शेडमध्ये फिरते.

हे स्वतः मोजा. दोन साधे थर्मामीटर शेजारी टांगा, जमिनीपासून दीड मीटरवर, वारा लागेल अशा जागी. एकाच्या टोकाला पांढऱ्या मलमलची चिंधी गुंडाळून तिचं दुसरं टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत सोडा. चिंधी दर दोन-तीन दिवसांनी बदला. तुमच्याकडे तंतू उडतात, त्यांनी ती माखली की पारा खोटा चढा दिसतो. दुपारी बारा, दोन आणि चार वाजता दोन्ही आकडे वहीत लिहा. पंधरवड्यात तुम्हालाच कळेल कुठल्या तासाला काम हलकं करायचं.

आता पंख्यांचं. तुमच्या शेडचं आकारमान ३३,६०० घनफूट. तासाला निदान २० वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ११,२०० घनफूट हवा बाहेर काढावी लागेल. अठरा इंची एक्झॉस्ट कागदावर अडीच ते तीन हजार घनफूट देतो, जाळीवर तंतू बसले की कमी. म्हणजे दोन पुरणार नाहीत, पाच लागतील. ते एकाच भिंतीवर, पत्र्याच्या जितके जवळ तितकं बरं, आणि हवा आत यायची जागा समोरच्या सावलीतल्या भिंतीवर, खाली. नेहमी चूक होते ती इथे: पंख्याच्या शेजारचीच खिडकी उघडी राहते, पंखा तिथूनच हवा ओढून बाहेर टाकतो आणि शेडच्या मधल्या रांगेत पानही हलत नाही. आत येणाऱ्या वाटेचं क्षेत्रफळ पंख्यांच्या एकूण तोंडापेक्षा मोठं ठेवा.

मग ताण्याचं काय? त्यासाठी डक्ट कूलर बसवा, पण तो शेडबाहेर, बाहेरचीच हवा ओढणारा. ४१ अंशांची कोरडी हवा चांगल्या पॅडमधून गेली की डक्टच्या तोंडाशी २७ अंशांच्या आसपास येते आणि दमटही असते. ताण्याला हवा तो दमटपणा आणि माणसाला हवा तो गारवा, दोन्ही एकाच वाटेने मिळतात. अट एकच, एक्झॉस्ट सतत चालू हवेत. तोच कूलर आत ठेवून आतलीच हवा फिरवली तर तासाभरात पुन्हा भट्टी. आपल्याकडच्या क्षारांच्या पाण्याने पॅडवर पांढरी खपली धरते, म्हणून टाकीतलं थोडं पाणी रोज सोडून द्यायचं आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची. नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील.

पत्र्याला बाहेरून पांढरा उष्णता परतवणारा रंग द्या. मार्चअखेरपर्यंत, गंज घासून. चुना स्वस्त पडतो, पण पहिल्या पावसात बराच उतरतो आणि दरवर्षी द्यावा लागतो. एक सावधगिरी: छत सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता धरा. ते कोरडं घासू नका, ओलं करूनच धुवा. आणि त्यावर थेट पाय देऊ नका. हा पत्रा वरून भक्कम दिसतो आणि माणसाच्या वजनाने काचेसारखा फुटतो. पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या तुळयांवर, फळ्या टाकून त्यांवरूनच चाला, कंबरेला पट्टा हवाच.

पाण्याबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही, म्हणून सांगतो. उष्णतेत काम करताना दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी जायला हवं. माठ दारात असेल तर ते होत नाही. मजुरी मीटरवर मिळते. माग सोडून दाराशी गेलं आणि तेवढ्यात धागा तुटला तर नुकसान विणकराचंच. त्यामुळे तो तहान मारतो. दर चार मागांमागे एक झाकणाची बाटली किंवा छोटा जार ठेवा आणि दुपारी एका माणसाला फक्त पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घेऊन रांगांतून फिरवा. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी मीठ-साखरेचं डॉक्टरांना विचारावं. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे साठवण आलीच. पिण्याच्या टाकीत हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर आधी बादलीत कालवून, निवळी तेवढी ओता आणि तासाभराने पाणी वापरा.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नका. उष्णतेतलं काम पहिल्या दिवशी पाळीच्या पाचव्या हिश्श्याइतकं, मग रोज तेवढंच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. जुना विणकर लग्नाला गावी जाऊन आठ-दहा दिवसांनी परतला तरी त्याची सवय मोडलेली असते. त्याला पहिल्या दिवशी निम्मी पाळी, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवशी पूर्ण.

कुणी असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर ती साधी चक्कर नाही, उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता आणि पंखा लावा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

शेवटची गोष्ट. ओल्या फरशीवर अनवाणी माणूस आणि जुनी वायर ही जोडी जीवघेणी आहे. पाणी मारणं बंद होईपर्यंत तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

प्रश्न: आमचे हे ४६ वर्षांचे आहेत, २२ वर्षं मागावर. हल्ली टीव्ही फार मोठा लावतात. नातीचं बोलणं कळत नाही म्हणतात, माझं मात्र कळतं. रात्री कानात किडे ओरडल्यासारखा आवाज येतो. कारखान्यात कानात कापूस घालतात, तो बरोबर आहे का? विम्याचं कार्ड आहे. — एक गृहिणी, साखर पेठ

ताई, लक्षणं तुम्ही अचूक टिपली आहेत. गोंगाटाने कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणून नातीचं बोलणं, स, श, फ ही अक्षरं, भांड्याचा किणकिणाट हे आधी हरवतं आणि मोठ्या माणसाचा जाड आवाज राहतो. घरचे म्हणतात, यांना हवं तेवढंच ऐकू येतं. तसं नसतं. रात्रीचा आवाज हेही त्याच इजेचं लक्षण आहे.

कापसाचा उपयोग जवळजवळ नाही. त्याने आवाज जेमतेम पाच-सात डेसिबलने उतरतो. धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या शटलच्या, मागांच्या शेडमध्ये ९५ ते १०० डेसिबल सहज भरतात. नियमाने ९० डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर पाच डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९५ ला चार तास, १०० ला दोनच.

फोमचे प्लग हवेत, आणि ते घालायची रीत यायला हवी. बहुतेक जण प्लग कानाच्या तोंडावर टेकवून सोडतात, म्हणून फरक जाणवत नाही. हात साबणाने धुवा. तेलकट हातांनी प्लग वळला तर कान चिडचिडतो, पिकतो. प्लग बोटांत वळून पेन्सिलीइतका बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, तेव्हा कानाची नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत, साधारण ३० सेकंद, बोटाने धरून ठेवा. मग दोन्ही तळहात कानांवर दाबून पाहा. आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा घाला. रोज फोमचे नवे परवडत नसतील तर धुता येणारे सिलिकॉनचे तीन चकत्यांचे घ्या.

‘मागाचा आवाज कळला नाही तर बिघाड कसा कळेल?’ ही विणकरांची शंका रास्त आहे. पण प्लगने आवाज खाली येतात, नाहीसे होत नाहीत. काही दिवसांत कान नव्या पातळीवर खडखडाट ओळखू लागतो. मात्र अधूनमधून काढायचं नाही. आठ तासांत एक तास जरी प्लगशिवाय गेला तरी उत्तम प्लगचाही फायदा नऊ डेसिबलच्या वर जात नाही.

त्यांच्या मालकांनाही सांगा: झिजलेला पिकर (धोट्याला फटका देणारा भाग), ढिले बोल्ट, रबर गेलेला बफर बदलला आणि मागाच्या पायांखाली रबराचे पॅड घातले तर आवाज मुळातच उतरतो. हे काम जॉबरचं, म्हणजे माग जुळवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं आहे, विणकराचं नाही.

गेलेलं ऐकणं औषधाने परत येत नाही. कुणी थेंब किंवा तेल देऊन बरं करतो म्हणाला तर पैसे घालवू नका. कामगार विम्याच्या दवाखान्यातून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्या आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करून घ्या. तो सुट्टीच्या दिवसानंतर सकाळी, पाळीवर जाण्याआधी करा. निदान १४ तास कानांना शांतता मिळालेली हवी. नाहीतर थकलेल्या कानाचा आकडा कायमचा म्हणून नोंदला जातो. कागदाची प्रत घरी जपा. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने धंद्यातला आजार मानलेला आहे, आणि दावा करायची वेळ आली तर तोच कागद लागतो.

प्रश्न: मी जॉबर आहे. नवीन पोरं कांडी (धोट्यातली धाग्याची गुंडाळी) बदलताना धोट्याच्या डोळ्याला तोंड लावून धागा ओढतात. जुने लोक म्हणतात काही होत नाही. — कुचन नगर

होतं. एकाच धोट्याला दोन पाळ्यांतली चार तोंडं लागतात. थुंकीतून पसरणारे आजार एकाचे दुसऱ्याला होतात, आणि प्रत्येक ओढीबरोबर तंतू, तेल, कच्चा रंग घशात जातो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच अशा धोट्यांवर बंदी घातली. इंग्लंडच्या गिरण्यांत ती १९५२ मध्ये आली.

तोड स्वस्त आहे. बारीक क्रोशाची सुई किंवा टोकाला आकडा केलेली सायकलच्या स्पोकहून बारीक तार घ्या. कांडी बसवल्यावर धाग्याचं टोक सहा-सात इंच मोकळं सोडा, आकडा बाहेरून डोळ्यात घाला, टोक अडकवून ओढा. सरावाने तोंडाइतकाच वेळ लागतो. प्रत्येक मागाला स्वतंत्र आकडा, आणि तो मागाच्या चौकटीवर ठोकलेल्या खिशात. दोरीने लोंबकळता ठेवू नका, फिरत्या भागात गुंतेल. नवे धोटे घ्याल तेव्हा स्वतः धागा घेणारा, खाचेचा प्रकार मागा.

आणि शेडमध्ये कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा. तपासणी आणि क्षयाची औषधं दोन्ही मोफत आहेत. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढे हलकी होते, असं कुणी म्हणालं तर ते कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना हा सुट्टीचा संबंध मुद्दाम सांगा, नाहीतर दम्याचा पंप देऊन परत पाठवतील.

प्रश्न: गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये ४० बायका माझ्या हाताखाली आहेत. मान, खांदा, कंबर यांच्या तक्रारी रोजच्या. मालकांनी दर शनिवारी २० मिनिटं योगासनं सुरू केली. महिना झाला, फरक नाही. — सुपरवायझर

योगासनं वाईट नाहीत, चालू ठेवा. पण आठवडाभर वाकवलेली मान शनिवारी वीस मिनिटांत सरळ होत नाही. दुखणं बसण्यात आहे.

एक मशीन निवडून सुरुवात करा. चालवणाऱ्या ताईंना बसवा, खांदे सैल, कोपर काटकोनात. मशीनचा टेबल कोपराच्या उंचीला किंवा त्याहून चार-पाच बोटं वर हवा. टेबल खाली असेल तर त्या सुई बघायला वाकणारच, कितीही सांगितलं तरी. टेबलाच्या पायांत उंचीचे बोल्ट असतात, ते बसवल्यापासून कुणी हलवलेले नसतात. टेबलाचे मागचे पाय थोडे उचलून तो शिवणाऱ्याच्या बाजूला दहा अंश उतरता केला तर सुई नजरेसमोर येते. फार उतार दिला तर कात्री आणि कापड घसरतं, म्हणून पुढच्या कडेला पट्टी ठोका.

दुसरं, पायडल. ते पुढे सरकलेलं असेल तर पाय ताणला जातो आणि माणूस स्टुलाच्या कडेवर येतो. गुडघ्याच्या किंचित पुढे, पूर्ण तळवा टेकेल असं आत ओढा. तिसरं, प्लास्टिकचं स्टूल काढा. उंची बदलणारी आणि कंबरेला टेकू देणारी खुर्ची हवी. चाकं नकोत, पायडल दाबताना मागे सरकतात. सगळ्या ४० एकदम जमत नसतील तर जुन्या लाकडी खुर्च्यांना उंचीचे ठोकळे आणि कंबरेपाशी घट्ट गादी लावूनही बरंच साधतं.

कापलेल्या बंडलांकडे बघा. ती डावीकडे जमिनीवर ठेवलेली असतील तर दर तुकड्याला कंबर वाकते आणि वळतेही. टेबलाच्याच उंचीचं रॅक हाताच्या अंतरावर, दीड फुटाच्या आत ठेवा. आमच्या मते सगळ्यांत कमी खर्चात जास्त आराम याच बदलाने मिळतो. शिवाय नेव्ही ब्लू आणि काळं कापड उजेड गिळतं. सुईपाशी स्वतंत्र एलईडी दिवा नसेल तर मान पुढे जाणारच.

दर अर्ध्या तासाला अर्धा मिनिट हात सोडून उभं राहायचं, खांदे मागे फिरवायचे, लांब बघायचं. घंटा तुम्ही वाजवा. पीसवर पैसे असतील तर बायका आपणहून थांबणार नाहीत.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. ४० बायकांना संडास किती, पाणी आहे का, आतून कडी लागते का? जागा घाण असली की बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ, डोकेदुखी आणि तीच कंबरदुखी, जिला आपण मशीनचं दुखणं समजतो. शनिवारच्या योगासनांआधी मालकांनी हा खर्च करावा, असं आमच्या नावाने सांगा.

प्रश्न: घरी विड्या वळते. रोज हजार होतात. रात्री हाताला मुंग्या येतात, गुडघे धरतात. सून बाळंतपणाला आली आहे, बाळ माझ्याजवळच झोपतं. — कुंभारी

आधी बाळाचं. सूप आणि तंबाखूची टोपली बाळ झोपतं त्या खोलीत नको, उंबऱ्याच्या बाहेर किंवा ओसरीवर न्या. वाऱ्याला पाठ किंवा तोंड न करता कुशीने बसा, म्हणजे भुकटी तुमच्याकडे न येता बाजूला उडते. काम संपल्यावर कोपरापर्यंत साबणाने हात धुवा, वरचं लुगडं किंवा अंगावरचं फडकं बदला, मगच बाळाला घ्या. ते फडकं बाळाच्या दुपट्यांबरोबर धुऊ नका.

तंबाखूतलं निकोटीन कातडीतून आत शिरतं आणि ओल्या हातातून जास्त. भिजवलेली पानं कापायचं काम एकदम उरकून घ्या, हात पूर्ण कोरडे करा, मग तंबाखूला लावा. मळमळ आणि डोकेदुखी रोज संध्याकाळी होत असेल तर या एका बदलाने कमी होईल. हातमोज्यांनी विडी वळता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

मुंग्या अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांत येत असतील आणि रात्री हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात शीर दाबली जाते आहे. कात्रीला धार लावून घ्या आणि तिच्या कड्यांना चिंधी गुंडाळा. पानं पुरेशी मऊ होऊ द्या, कडक पान वळायला जोर दुप्पट लागतो. झोपताना मनगट सरळ राहील अशी जाड कापडाची पट्टी बांधा. सहा आठवड्यांत उतार नसेल किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होऊ लागला असेल तर विडी कामगारांच्या दवाखान्यात दाखवा, थांबू नका.

गुडघ्यांसाठी मांडी घालून जमिनीवर बसण्याऐवजी बुडाखाली चार बोटं उंच घट्ट उशी घ्या, पाठ भिंतीला टेकवा, आणि दर शंभर विड्यांनंतर एकेक पाय पूर्ण लांब करा. सूप मांडीवर न ठेवता वीतभर उंच पाटावर ठेवलं की मानही वर येते. आठ-दहा इंची चौरंगावर बसणं जमत असेल तर तेच सगळ्यांत बरं. पहिले तीन-चार दिवस विड्या कमी होतील, मग हात बसतो.

प्रश्न: आमच्या बँकेत रोज दहा हजार पावलांची स्पर्धा आहे. गुडघेदुखीवाल्यांनी काय करावं? — होटगी रोड

स्पर्धेत उतरू नये. दर तासाला उठून दोन-तीन मिनिटं चालावं, आणि फाइल शिपायामार्फत न पाठवता स्वतः नेऊन द्यावी. बँकेला बक्षिसांऐवजी काउंटरवरच्या खुर्च्यांचे मोडके गॅस सिलिंडर बदलायला सांगा. खुर्ची वर होत नसली की खांदे दिवसभर वर चढलेले राहतात.